नव्या सुरीचं बारसं: नाव ठरवण्यापासून पात्यावर उमटवण्यापर्यंत

हाताने घडवलेली सुरी घेऊन माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा धारेची तक्रार क्वचितच असते. तक्रार असते नावाची. अक्षरांत गंज धरलाय. ‘घार’ लिहायला सांगितलं होतं, उमटलं ‘धार’. खालचा उकार दगडावर घासून निम्मा गेला. अक्षराचा पंच मारताना पातं तडकलं. आणि एक तक्रार कुणी बोलून दाखवत नाही, पण दोन प्रश्न विचारले की कळते: नाव घातलं खरं, पण घरात त्या नावाने सुरी कुणी मागत नाही.

यातल्या बहुतेक चुका हात कच्चा असल्यामुळे होत नाहीत, क्रम चुकल्यामुळे होतात. मूठ बसली, तेल लागलं, की त्याच संध्याकाळी नाव घालायची घाई होते. मुलाच्या बारशालासुद्धा आपण बारा दिवस थांबतो. सुरीसाठीही थांबायला हवं, आणि ते का, हे पुढे येईलच.

इथे मी गृहीत धरलेली सुरी अशी: स्वयंपाकघरातली, 15 ते 20 सेंटिमीटर पात्याची, गाडीच्या कमानीच्या पट्टीतून किंवा तशाच कार्बन स्टीलमधून घडवलेली, बाभूळ, शिसव किंवा सागाची मूठ असलेली. स्टेनलेसचं पातं असेल तर काय बदलतं ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सुरुवातीलाच: ठसा वेगळा, नाव वेगळं

घडवणाऱ्याचा ठसा लोखंड मऊ असताना, म्हणजे पात्याला पाणी देण्याआधी (तापवून झटकन थंड करून कडक करण्याआधी), हातोडीने मारतात. नाव येतं सगळ्यात शेवटी, पातं कडक झाल्यावर. त्यामुळे नावासाठी ठोकायचं नाही. पाणी दिलेल्या पात्यावर पंच ठेवून घाव घातलात तर पंचाचं टोक बोथटेल, नाहीतर पातं तडकेल. तडा त्या दिवशी दिसेलच असंही नाही.

भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर ‘चि. … च्या मुंजीनिमित्त’ घालून देतात ते थरथरणारं पेनही इथे उपयोगाचं नाही. डब्याचा पत्रा मऊ असतो. कडक पात्यावर टोक घसरतं, वळणं कोनात मोडतात आणि घसरलेली रेघ थेट धारेपर्यंत जाते. ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्यांकडे लेझरने नाव छान उमटतं. ज्यांना तो मार्ग हवा त्यांनीही पहिले पाच टप्पे सोडू नयेत. लेझर चुकीचं नावसुद्धा तितकंच सुबक उमटवतो.

घरच्या घरी सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे मिठाचं पाणी आणि कमी दाबाची वीज. तोच इथे सविस्तर सांगतो.

साहित्य

- 9 ते 12 व्होल्टचा डीसी अडॅप्टर (जुन्या राउटरचा चालतो) किंवा 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी
- दोन क्रोकोडाइल क्लिपा, वायरसकट
- कानाच्या कापसाच्या काड्या, दहा-पंधरा
- मीठ, खायचा सोडा, दोन वाट्या
- मास्किंग टेप, भांडी घासायचं लिक्विड, सर्जिकल स्पिरिट
- नेलपॉलिश आणि कंपासपेटीतलं कर्कटक, किंवा रेडियमच्या दुकानातून कापून आणलेलं स्टिकर
- रबरी हातमोजे, जुना सुती कपडा
- त्याच पट्टीचा उरलेला तुकडा, तालमीसाठी

शेवटची वस्तू लोक हमखास विसरतात. पातं कापून झाल्यावर उरलेली टोकं भंगारात टाकू नका.

टप्पा 1: सुरी खरोखर पूर्ण झाली आहे का?

अराल्डाइटसारख्या दोन ट्यूबांच्या चिकटवणीला पूर्ण ताकद यायला साधारण 24 तास लागतात. पाच मिनिटांत धरणारा प्रकार वापरला असेल तरी एक रात्र जाऊ द्या. मुठीला जवसाचं तेल लावलं असेल तर त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. कच्चं तेल कोरडं व्हायला कित्येक दिवस जातात. अंगठा दाबून उचलला आणि चिकटपणा जाणवला, तर सुरी अजून तयार नाही.

पात्याचं घासकामही याआधीच संपलेलं हवं. नाव उमटवल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला की अक्षरांच्या कडा गोल होतात आणि नाव दमट कागदावरच्या शाईसारखं दिसतं.

*सावधान:* जवसाच्या तेलाने भिजलेले बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळे पसरून वाळवा, मगच फेका.

टप्पा 2: बारा दिवस वापर, नावाशिवाय

हा टप्पा गाळणारे सर्वात जास्त, आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात.

सुरी रोजच्या स्वयंपाकात आणा. कांदा, कोथिंबीर, लाल भोपळा, गाजर, घरात होत असेल तर मासळी. ओट्याजवळ वही ठेवा आणि दिवसाला एक-दोन ओळी लिहा. भोपळ्यात पातं अडकलं का? कोथिंबीर चिरली गेली की चेंगरली? तोल कुठे येतो? सुरी एका बोटावर आडवी ठेवून पाहा: ती मुठीजवळ स्थिर राहते की पात्याच्या मध्यावर? कापताना आवाज कसा येतो? घरातले तिला काय म्हणून मागतात?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. माझ्या एका सुरीचं नाव मी घडवतानाच ठरवलं होतं: विद्युल्लता. कागदावर फार देखणं दिसायचं. पातं होतं जुन्या कमानीचं आणि मूठ आमच्या बांधावर पडलेल्या बाभळीची. पहिल्याच दिवशी नाव घातलं. आई रोज म्हणायची, “ती बाभळीची दे रे.” आठवड्याने ‘बाभळीची’ची ‘बाभळी’ झाली आणि मग काकूही तेच म्हणू लागल्या. पात्यावर एक नाव, घराच्या तोंडी दुसरं. शिवाय ‘द्यु’ आणि ‘ल्ल’ या दोन जोडाक्षरांचे नुसते काळे ठिपके झाले होते. मी ते घासून काढलं आणि ‘बाभळी’ घातलं. आज ती सुरी त्याच नावाने ओळखली जाते.

या बारा दिवसांत दोष सापडला, म्हणजे मूठ हलते, धार एका बाजूला ओढते, पाठ बोटाला टोचते, तर तो आधी काढा. ज्या पात्याला पुन्हा कानस किंवा पेपर लागणार आहे, त्याच्यावर नाव घालायचं नाही.

*तपासा:* वहीत निदान आठ-दहा नोंदी आहेत का? नसतील तर आणखी चार दिवस थांबा.

टप्पा 3: नाव निवडणं

वही उघडा आणि नावं तिच्यातून काढा. बाहेरून आणलेलं नाव सुरीला चिकटत नाही. वहीत मला साधारण चार जागी नावं सापडतात.

पहिली जागा म्हणजे रूप. पातं किती वाकडं, रंग कसा, मुठीवर रेषा कशा. वाकलेल्या पात्यासाठी ‘कोर’ हे नाव मला अतिशय आवडतं: चंद्राचीही कोर, भाकरीचीही कोर. दोनच अक्षरं, हाकेला सोपं, कोरायला सोपं.

दुसरी जागा काम. फक्त मासळीच कापणारी आणि फक्त पालेभाजीच चिरणारी यांची नावं सारखी असू नयेत. तिसरी, माल कुठून आला: बाभळी, शिसवी, कमानी. चौथी आवाज आणि चाल: सळसळ, सरसर, झुळूक.

गुराढोरांना आपण नावं कशी देतो ते आठवा. ढवळी, तांबू, कपिला, मोरी. प्रत्येक नाव जनावराच्या अंगावरून आलेलं, दोन-तीन अक्षरांत बसलेलं, लांबून हाक मारली तरी कळणारं. सुरीच्या नावासाठी यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आता व्याकरण. हे क्षुल्लक वाटतं, पण नाव तोंडात बसतं की नाही ते यावरच ठरतं. सुरी ती, कोयती ती, विळी ती. चाकू तो, कोयता तो, सुरा तो. घरात ज्या शब्दाने ती वस्तू ओळखली जाते त्याच लिंगाचं नाव द्या. सुरीला ‘सर्जा’ ठेवलंत तर “सर्जा धुतला का” म्हणायचं की “धुतली का”, यातच घर अडखळतं आणि शेवटी ‘ती मोठी सुरी’वर येऊन थांबतं.

टाळायची नावं:

देवदेवतांची. ‘भवानी’ हे नाव दर दुसऱ्या माणसाला सुचतं, महाराजांच्या तलवारीमुळे. पण हीच सुरी उद्या मासळीत जाणार, खरकट्यात पडणार, मोरीत घासली जाणार. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. कुलदैवताचं नाव तर नकोच.

घरातल्या किंवा नात्यातल्या हयात माणसाचं. कौतुकाने ठेवलेलं असलं तरी “सुमन बोथट झालीये” हे वाक्य घरात कुणीतरी एक दिवस म्हणणारच.

रक्त, मरण, सूड सुचवणारी. ती ओट्यावर शोभत नाहीत. शिवाय सुरी सोबत घेऊन गावी जाताना पिशवी तपासली गेली, तर असं नाव विनाकारण प्रश्न उभे करतं.

*तपासा:* तीन नावं निवडा. एक-एक नाव दोन-दोन दिवस चालवा. दुसऱ्या खोलीतून मोठ्याने म्हणा, “अगं, कोर कुठे ठेवलीस?” समोरून “काय?” आलं, तर नाव बाद. आणि घरातल्या दुसऱ्या कुणी न सांगता ते नाव वापरलं, तर तुमचा शोध संपला.

टप्पा 4: अक्षरांची परीक्षा

देवनागरी अक्षरं पाच-सहा मिलिमीटर उंचीत आणली की काही अक्षरं एकमेकांसारखी दिसू लागतात. रोमन लिपीसाठी लिहिलेल्या सूचना वाचून काम करणारे इथेच फसतात.

‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक फक्त वरच्या डाव्या कोपऱ्याचा. ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तेच. वीज अक्षराच्या रेषा थोड्या पसरवते, बारीक फट भरून जाते आणि ‘घार’ची ‘धार’ होते. गंमत म्हणजे सुरीवर ‘धार’ वाचून कुणाला चूक झाली असं वाटतच नाही. म्हणून तुमच्या नावात अशी जोडी असेल तर अक्षर मोठं ठेवा, निदान 8 मिलिमीटर, आणि ‘ध’ची वरची गाठ मुद्दाम ठळक लिहा. जागा नसेल तर नाव बदला.

जोडाक्षरं शक्यतो नकोत. क्ष, ज्ञ, द्ध, ल्ल यांचा लहान आकारात गोळा होतो. अनुस्वाराचा टिंब निदान 1 मिलिमीटर रुंद हवा, नाहीतर तो उमटत नाही किंवा डाग वाटतो. ‘तांबू’ लिहिलंत आणि टिंब गेला, तर उरतं ‘ताबू’.

ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि उकार आधी कागदावर लिहून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. पात्यावरची चूक तर पाहुण्यांना आधी दिसते.

शिरोरेषेविषयी माझं मत: ती ठेवा. शिरोरेषा नसलेली अक्षरं पात्यावर सुटी सुटी पडतात. पण ती अक्षरांपेक्षा जाड होऊ देऊ नका. लांब सलग रेघ असल्यामुळे डोळा आधी तिच्यावरच जातो.

*तपासा:* नाव खऱ्या आकारात कागदावर लिहा, हातभर अंतरावर धरा आणि ज्याला नाव माहीत नाही अशा माणसाला वाचायला द्या. तो क्षणभरही थबकला, तर अक्षरं बदला.

टप्पा 5: जागा

सुरी समोर धरा: धार खाली, टोक तुमच्या डावीकडे, मूठ उजवीकडे. समोर दिसते ती बाजू नावाची. उजव्या हाताने कापणाऱ्याची सुरी पाटावर असते तेव्हा हीच बाजू मोकळी दिसते.

शिरोरेषा पाठीला समांतर ठेवा. पाठ आणि अक्षराचं सगळ्यात वरचं टोक, म्हणजे वेलांटी किंवा मात्रा धरून, यांत 4–5 मिलिमीटर सोडा. खाली उकाराच्या टोकापासून धारेपर्यंत निदान 12 मिलिमीटर हवेत. कारण साधं आहे: दरवेळी दगडावर धार लावताना पातं थोडं थोडं झिजतं, आणि घासला जाणारा पट्टा वर वर सरकतो. आज धारेजवळ सुंदर दिसणारा उकार काही वर्षांत निम्मा उरेल.

पातं अरुंद असेल आणि इतकी जागा निघत नसेल, तर नाव मुठीवर न्या. त्याविषयी शेवटी लिहिलं आहे.

टप्पा 6: साफसफाई आणि झाकण

आधी धार झाका. दुमडलेला पुठ्ठा धारेवर चढवा आणि वरून मास्किंग टेपचे तीन-चार वेढे द्या. पुढचा तासभर तुम्ही पातं सतत हातात धरणार आहात आणि लक्ष अक्षरांवर असणार आहे. जखमा याच वेळी होतात.

मूठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेपने बांधा. मिठाचं पाणी लाकडात आणि पितळी रिबिटांभोवती मुरलं की महिनाभराने हिरवट डाग उठतो.

नावाची जागा आधी भांडी घासायच्या लिक्विडने आणि नंतर स्पिरिटने पुसा. बारा दिवसांच्या वापराने कार्बन स्टीलवर करडा-निळसर थर आलेला असेल. फक्त नावाच्या जागेपुरता 600 नंबरचा पेपर लांबीच्या दिशेने हलका फिरवा. यानंतर त्या जागेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथे नेलपॉलिश सुटतं आणि अक्षराच्या कडा फाटतात.

टप्पा 7: साचा

दोन मार्ग आहेत.

*नेलपॉलिशचा.* नावाच्या जागेवर आणि भोवती दोन पातळ हात द्या, मध्ये दहा मिनिटांचं अंतर ठेवून. अर्धा-पाऊण तास सुकू द्या. पेन्सिलीने शिरोरेषा आखून घ्या, मग कर्कटकाच्या टोकाने अक्षरं कोरा, थेट धातू दिसेपर्यंत. शिरोरेषा सगळ्यात शेवटी ओढा, वहीत लिहितो तशीच. आधी ओढली तर अक्षरांची उंची तिच्यामागे फरफटत जाते. हे काम त्याच दिवशी संपवा. रात्रभर वाळलेलं नेलपॉलिश कोरताना टवका उडून निघतं. या मार्गाचा मोठा फायदा असा की नाव तुमच्या हस्ताक्षरात उमटतं. मला स्वतःला हेच जास्त भावतं. आईच्या, आजीच्या हस्ताक्षरात नाव घ्यायचं असेल तर कर्कटक त्यांच्याच हातात द्या.

*रेडियमचा.* गाड्यांच्या नंबरप्लेटवर अक्षरं लावून देणारा रेडियमवाला मशीनवर स्टिकर कापून देतो. त्याला नीट सांगा: अक्षरं काढून टाकायची आहेत, भोवतालचा भाग ठेवायचा आहे. तो नेहमी उलट करतो, कारण गाडीवर अक्षरंच चिकटवायची असतात. प, ब, व, म, ठ यांच्या आतली बंद जागा सुटी होते, म्हणून स्टिकर उचलायचा पारदर्शक टेपही मागून घ्या, नाहीतर हे तुकडे दुकानातच राहतात. रेषेची जाडी 1 मिलिमीटरपेक्षा कमी नको. कापण्याआधी त्याच्या पडद्यावर नाव वाचा. फॉन्ट बदलताना रफार आणि वेलांटी जागा सोडतात.

कोणताही मार्ग घ्या, साच्याभोवती सगळीकडे टेप लावा, निदान 3 सेंटिमीटर. मिठाच्या पाण्याचा एक ओघळ उघड्या पात्यावर गेला की तिथे कायमचा डाग पडतो.

टप्पा 8: जोडणी आणि तालीम

अडॅप्टर भिंतीतून काढलेला असताना त्याची बारीक पिन कापा, दोन्ही वायरी सोला, क्लिपा जोडा. कोणती धन आणि कोणती ऋण ते कळत नसेल, तर वाटीत मिठाचं पाणी घेऊन दोन्ही टोकं एकमेकांना न लावता बुडवा आणि वीज सुरू करा. जिथे बुडबुडे जास्त, ती ऋण.

धन पात्याला, ऋण कापसाच्या काडीला. हे उलट झालं तर अक्षरं कोरलीच जात नाहीत आणि माणसं मीठ वाढवत बसतात.

पाण्याचं प्रमाण: अर्धा कप पाण्यात एक चमचा मीठ, पूर्ण विरघळवून.

आता उरलेल्या तुकड्यावर तालीम करा. तोच साचा, तेच पाणी, तीच वीज. काडीचा कापूस भिजवा, जादा पाणी पिळा, ऋण क्लिप ओल्या कापसाच्या मुळाशी धरा. तीन सेकंद टेकवा, उचला, पुन्हा टेकवा. कितव्या टेकवणीला अक्षराचा तळ करडा आणि खरबरीत झाला ते मोजा. माझ्याकडे 12 व्होल्टवर साधारण बारा ते पंधरा लागतात. तुमच्याकडे वेगळे लागतील, आणि तालीम नेमकी त्यासाठीच आहे.

*सावधान:* घरातल्या 230 व्होल्टच्या विजेशी थेट काहीही जोडू नका. दोन्ही क्लिपा एकमेकींना किंवा ऋण क्लिप पात्याला टेकू देऊ नका. ठिणगी उडते आणि पात्यावर खड्डा पडतो. खिडकी उघडी ठेवा, वाफेवर वाकून पाहू नका. पातं स्टेनलेसचं असेल तर हातमोजे आणि मोकळी हवा सक्तीची समजा: त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते अपायकारक आहे. ते पाणी आणि कापूस स्वयंपाकघराच्या मोरीत टाकू नका.

टप्पा 9: उमटवणं

खरं काम यात मोजून दोन-तीन मिनिटांचं असतं.

धन क्लिप पात्याच्या उघड्या धातूला लावा, नावापासून लांब. काडी एका टोकाच्या अक्षरापासून सुरू करा. तीन सेकंद, उचला, पुढचं अक्षर. घासू नका, फक्त टेकवा. घासलं की साच्याची कड उचलते. कापूस काळा पडला की काडी बदला. तोच काळा कापूस फिरवत राहिलात तर अक्षरं डागाळतात. चार-पाच टेकवण्यांनंतर अर्धा मिनिट थांबा, कारण पातं गरम झालं की नेलपॉलिशही मऊ होतं आणि स्टिकरही.

तालमीतला आकडा गाठला की थांबा. “आणखी थोडं खोल” हा मोह नाव बिघडवतो. वीज खाली जाते तशी बाजूलाही खाते, आणि अक्षराच्या आतल्या बारीक जागा बंद होतात.

मधेच साचा उचलून पाहू नका. तो पुन्हा त्याच जागी बसत नाही.

टप्पा 10: मीठ घालवणं

वीज बंद. साचा अजून काढू नका. एक कप पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात भिजवलेल्या कपड्याने नावाची जागा दोन-तीनदा पुसा. मग साचा आणि टेप काढा, नेलपॉलिश असेल तर रिमूव्हरने पुसा. रिमूव्हर मुठीवर किंवा चिकटवणीच्या रेषेवर जाऊ देऊ नका. पुन्हा सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरड्या कपड्याने पुसून काही मिनिटं पंख्याखाली.

माझ्याकडे येणाऱ्या गंजक्या नावांचं मूळ हाच टप्पा. अक्षराच्या तळाशी राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दुसऱ्या सकाळी नाव तांबूस दिसतं. लोक म्हणतात लोखंड वाईट होतं. लोखंड चांगलं होतं, धुणं अर्धवट होतं.

*तपासा:* पांढरा कापूस ओला करून अक्षरांवरून फिरवा. तांबूस किंवा काळपट छटा आली तर सोड्याचं पाणी पुन्हा.

मग तेलाचा पातळ हात. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम, खोबरेलही चालतं. अक्षरं सुरुवातीला करडी दिसतात. कार्बन स्टीलवर ती वापराने गडद होत जातात, म्हणून काळ्या रंगाच्या मागे लागू नका.

टप्पा 11: धार आणि पूजा

धारेवरचा पुठ्ठा काढून दगडावर हलका हात फिरवा. टेपचा चिकटा धारेला राहिला असेल तर तो स्पिरिटने पुसा.

घरात खंडेनवमीला किंवा दसऱ्याला हत्यारांची पूजा होत असेल, तर नव्या सुरीला त्या दिवशी मांडायची पद्धत फार चांगली आहे. फक्त ओलं हळदकुंकू आणि झेंडू कार्बन स्टीलवर रात्रभर राहिले की डाग सोडतात. पूजेआधी पात्याला तेल लावा, हळदकुंकवाची बोटं मुठीजवळ पाठीवर लावा, नावावर नको. आरती झाली, प्रसाद वाटला, की त्याच संध्याकाळी पुसून पुन्हा तेल.

नाव मुठीवर हवं असेल तर

लाकडावर बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने पोळून नाव लिहिता येतं. साग आणि हळदूवर ते स्वच्छ दिसतं, शिसवीवर दिसतच नाही. तेल लावण्याआधी लिहा. बारा दिवस वापरून झालेल्या मुठीवर लिहायचं असेल तर तेवढी जागा पेपरने कोरी करा. रिबिटांपासून आणि लाकूड-पात्याच्या सांध्यापासून निदान 1 सेंटिमीटर लांब राहा, कारण चिकटवण उष्णतेने मऊ पडते आणि मूठ आतून सुटते. लाकडाच्या रेषांना आडवं जाताना टोक अडखळतं, म्हणून शिरोरेषा रेषांच्या दिशेने, मुठीच्या लांबीत घ्या.

चुकलं तर

उथळ नाव काढता येतं. 220 नंबरचा पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून लांबीच्या दिशेने घासा, मग 400, मग 600. फक्त नावापुरतं घासलंत तर तिथे खळगा दिसतो, म्हणून ती पूर्ण बाजू एकसारखी घ्यावी लागते. ‘विद्युल्लता’ काढायला मला पूर्ण एक दुपार लागली होती.

ग्राइंडर लावू नका. पातं तापून निळसर झालं की तिथला कडकपणा गेला, आणि तो परत आणायला मूठ उतरवून पुन्हा पाणी द्यावं लागतं. एखादी वेलांटी चुकली आहे म्हणून नुसती तिच्यावर वीज फिरवून ती लपवायलाही जाऊ नका, डाग वाढतो. पूर्ण नाव काढा, पात्याला तेल लावा, आणि पुन्हा टप्पा 4 पासून सुरू करा.

जुनं नाव, नवं नाव आणि दोन्ही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती वही सुरीबरोबरच ठेवायची असते.